आतून आधार

अ‍ॅल्युमिनियम हलके असते, हे वाक्य शाळेपासून आपल्या कानावर पडत आलेले आहे आणि ते खोटेही नाही. पण वाहनाचा सांगाडा आखायला बसलेल्या माणसाच्या दृष्टीने ते अर्धेच खरे असते. एक घन सेंटिमीटर पोलाद ७.८५ ग्रॅम भरते आणि तेवढेच अ‍ॅल्युमिनियम २.७ ग्रॅम, म्हणजे वजन जेमतेम एक तृतीयांश. मात्र भार आल्यावर धातू किती लवेल हे ज्यावर ठरते, तो स्थितिस्थापकतेचा गुणांक पोलादाचा २१० गिगापास्कल आणि अ‍ॅल्युमिनियमचा ७०, म्हणजे तोही पुन्हा एक तृतीयांशच. पोलादाची सळई काढून तिच्या जागी त्याच मापाची अ‍ॅल्युमिनियमची सळई बसवली, तर वजन जितके उतरते तितकेच लवणे वाढते आणि पदरात काहीच पडत नाही.

खरी कमाई होते ती धातू मध्यापासून दूर नेण्यात. ५० मिलिमीटर व्यासाची भरीव सळई घ्या. तेवढाच धातू १०० मिलिमीटर व्यासाच्या नळीत पसरवला, तर नळीची भिंत सुमारे ६.७ मिलिमीटर जाड येते, आणि त्याच वजनाची ही नळी वाकण्याला त्या सळईपेक्षा बरोबर सातपट ताठ ठरते. पोलादाचीही अशी नळी करता येतेच. पण तेवढ्याच वजनात आणि तेवढ्याच आकारात बसवायची तर पोलादाची भिंत अ‍ॅल्युमिनियमच्या एक तृतीयांश जाडीची ठेवावी लागते, आणि एका मर्यादेनंतर ती भिंत नळीची भिंत म्हणून न वागता पत्र्यासारखी चुरगळू लागते. अ‍ॅल्युमिनियमला इथे जागा सापडते. त्याची भिंत जाड असल्यामुळे नळी मोठी करता येते, आणि मोठी केल्यामुळे धातूचा मूळचा मऊपणा भरून निघतो. वाहन हलके करण्याची मदार त्यामुळे धातूवर जेवढी असते, तेवढीच धातूच्या आतल्या रिकाम्या जागेवर असते.

अडचण इथूनच सुरू होते. भरीव वस्तूला आकार द्यायचा तर हत्यार सगळीकडून पोचते; पत्र्याला खालून आणि वरून डाय, म्हणजे आकार देणारा पोलादी साचा, मिळते. पोकळ वस्तूची आतली बाजू मात्र हत्याराला बंद असते. बाहेरून दाबावे तर भिंत आत जाते, वाकवावे तर एका बाजूला चेपते आणि दुसऱ्या बाजूला चुण्या पडतात. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे भोसरी आणि चाकण या पट्ट्यातील टूलरूममध्ये, म्हणजे डाय आणि हत्यारे बनवणाऱ्या विभागात, गेली, आणि नळीचे जे जे काम टेबलावर आले, त्यात आखणीच्या कागदावर काहीही लिहिलेले असो, प्रत्यक्षात सोडवायचा प्रश्न एकच असे: बाहेरून जोर लावताना आतून आधार कोण देणार?

पहिला आधार पोकळी जन्माला येतानाच लागतो. अ‍ॅल्युमिनियमची पोकळ नळी किंवा चौकोनी, बहुकप्पी प्रोफाइल, म्हणजे लांबीभर एकच आडवा छेद असलेली पट्टी, एक्स्ट्रुजनने काढतात. ४५० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेला बिलेट, म्हणजे धातूचा जाडजूड दंडगोल, मागून रॅमने रेटायचा आणि पुढच्या डायच्या भोकातून हव्या त्या आकारात बाहेर काढायचा. नवीन मुलांना हे सांगताना सगळेच शेवेच्या सोऱ्याचा दाखला देतात आणि भरीव पट्टीपुरता तो चपखल बसतो. पण सोऱ्यातून पोकळ शेव काढून दाखवा म्हटले की दाखला तिथेच अडतो. भोकाच्या मध्यभागी एक गाभा हवा, म्हणजे त्याच्याभोवतीने पीठ बाहेर पडून आत पोकळी राहील. आणि तो गाभा मध्ये अधांतरी टांगायचा कशाच्या आधाराने?

यावर काढलेला तोडगा मला अजूनही या सगळ्या विषयातला सर्वांत धाडसी वाटतो. डायच्या मागच्या भागात तीन-चार भक्कम तंगड्या ठेवतात आणि गाभा त्यांच्यावर तोलतात. तापलेला धातू पुढे येतो, या तंगड्यांवर आदळतो, आणि त्याचे चक्क तीन-चार वेगळे ओघ होतात. तंगड्या ओलांडल्यावर एका लहानशा कोठडीत हे ओघ पुन्हा एकमेकांना भिडतात. त्या कोठडीत हवेला शिरकाव नसतो, म्हणून नव्याने उघड्या पडलेल्या धातूवर ऑक्साइडचा थर धरू शकत नाही. तापमान आहे, दाब प्रचंड आहे, आणि त्या दाबाखाली हे ओघ वितळल्याशिवाय एकजीव होऊन गाभ्याभोवतीने नळीच्या रूपाने बाहेर पडतात. आपण हातात घेतो ती अखंड, गुळगुळीत नळी अशी तीन-चार ठिकाणी सांधलेली असते, आणि हे सांधे तिच्या पूर्ण लांबीभर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावतात.

ते डोळ्यांना दिसत नाहीत. नळीचा आडवा काप काढून घासून चकचकीत केला आणि कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात काही मिनिटे बुडवला, की पांढुरक्या कड्यावर चार ठिकाणी बारीक, किंचित गडद रेषा उमटतात. ही चाचणी पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास ती रेष नखाने खरवडून पाहतो. तिथे चीर असते असे नाही, फक्त धातूच्या कणांची मांडणी वेगळी असते. सांधा चांगला असेल तर तो बाकीच्या भिंतीइतकाच धरतो. कोठडीतला दाब कमी पडला असेल, बिलेटच्या सालीवरची घाण ओघात शिरली असेल, किंवा एक बिलेट संपून दुसरा सुरू होतानाचा मिश्र भाग कापून टाकण्यात कोणी कंजूषपणा केला असेल, तर मात्र तो सांधा पुढे कधीतरी दगा देतो. तो सहसा एक्स्ट्रुजनच्या कारखान्यात दगा देत नाही. पुढच्या कारखान्यात, आतून दाब देऊन नळी फुगवताना देतो. म्हणून माल उतरवून घेताना नळीच्या तोंडात शंकूच्या आकाराचा ठोकळा रेटून ते तोंड फाकवून पाहण्याची साधी चाचणी मी कधी टाळू दिली नाही. फाकलेल्या तोंडाला सरळ, उभी चीर गेली तर ती कुठे गेली हे पाहायला भिंग लागत नाही.

अशी सरळ प्रोफाइले हाती आली, की पुढे त्यांना आकार द्यायचाच असतो असे नाही, आणि ही गोष्ट उत्साही अभियंत्यांना पटवणे सर्वांत अवघड जाते. १९९६ साली इंग्लंडच्या लोटस कंपनीने एलिस नावाची छोटी मोटार आणली. तिचा तळसांगाडा डेन्मार्कमध्ये काढलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या एक्स्ट्रुजनांचा होता आणि ती एक्स्ट्रुजने इपॉक्सीने एकमेकांना चिकटवलेली होती. या सांगाड्याचे वजन ६८ किलो. आपल्याकडचा एखादा बऱ्यापैकी माणूस तेवढा भरतो. फुगवणे नाही, अवघड वळणे नाहीत; सगळी हुशारी प्रोफाइलच्या आडव्या छेदात घातलेली. त्याच्या दोन वर्षे आधी जर्मनीच्या आउडीने अमेरिकेच्या अल्कोआ कंपनीला बरोबर घेऊन ए-८ या मोठ्या मोटारीचा अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा केला होता. त्यात वाकवलेली प्रोफाइले आणि ती जिथे एकत्र येतात तिथे ओतीव सांधे, अशी मांडणी होती. माझा कल एलिसकडे आहे हे मी लपवत नाही, पण एलिस ही दोन माणसांची, बिनछपराची, हौसेची गाडी होती हेही मान्य करतो. चार दारे, मोठी डिकी आणि तिरकी पुढची काच आली, की छपराची कड सरळ राहूच शकत नाही.

सरळ प्रोफाइलांचा सर्वांत मोठा संसार रेल्वेच्या डब्यात पाहायला मिळतो. जपानच्या शिन्कान्सेन गाड्यांमध्ये ७०० मालिकेपासून, म्हणजे १९९९ पासून, दुहेरी भिंतीची पोकळ प्रोफाइले वापरली गेली. दोन पातळ भिंती आणि त्यांच्यामध्ये त्रिकोणांची रांग, अशी त्यांची रचना असते. डब्याच्या लांबीइतकी लांब प्रोफाइले शेजारी शेजारी ठेवून लांबच लांब वेल्ड मारत गेले की भिंत, छप्पर आणि तळ तयार होतो. पुण्यात मेट्रोच्या पहिल्या दोन मार्गिकांवर धावणारे डबेही अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्याचे आहेत. टिटागढ कंपनीने ते इटलीत आणि नंतर बंगालमध्ये बनवले. गाडी दर किलोमीटर-दीड किलोमीटरवर थांबते आणि पुन्हा वेग घेते, त्यामुळे इथे वाचलेला प्रत्येक किलो दिवसभर पुन्हा पुन्हा वाचतो. मोटारीच्या बाबतीत हा हिशेब इतका सरळ लागत नाही.

वाकवण्याकडे वळू. जुन्या पितळ-तांब्याच्या नळ्या वाकवणारे लोक नळीत कोरडी वाळू ठासून भरत, किंवा वितळलेली राळ ओतून ती थिजवत, आणि मग नळी वाकवत. तत्त्व अगदी बरोबर होते. आतला माल दबत नाही आणि तरीही भिंतीबरोबर सरकतो. आज बेंडिंग मशीनवर तेच काम मॅन्ड्रेल करतो. नळीच्या आत जेमतेम बसेल असा पोलादी दांडा, आणि त्याच्या टोकाला मण्यांसारखे एकामागून एक जोडलेले, हलणारे गोळे. नळी फिरत्या डायभोवती गुंडाळली जाताना हे गोळे बरोबर वळणाच्या जागी आत उभे असतात आणि भिंतीला बसू देत नाहीत. वळणाच्या बाहेरच्या बाजूला भिंत ताणली जाऊन पातळ होते, आतल्या बाजूला दाबली जाऊन जाड होते. तिथे चुण्या पडू नयेत म्हणून चाकूसारख्या पातळ धारेची वायपर डाय अगदी टेकवून ठेवतात. पोलादाच्या नळीवर हात बसलेला ऑपरेटर अ‍ॅल्युमिनियमला लागला, की पहिले काही दिवस त्याची दोन कारणांनी चिडचिड होते. एक म्हणजे अ‍ॅल्युमिनियम हत्याराला चिकटते. त्याच्या पृष्ठभागावरचा ऑक्साइड कठीण आणि खालचा धातू मऊ, त्यामुळे तेल जरा कमी पडले की मॅन्ड्रेलच्या गोळ्यावर धातूची बारीक कपची वितळवून लावल्यासारखी बसते आणि पुढच्या प्रत्येक नळीत आतून ओरखडा काढत जाते. तो ओरखडा बाहेरून दिसत नाही. दुसरे कारण म्हणजे ते फार परत उघडते. तेवढ्याच ताकदीच्या पोलादाच्या मानाने अ‍ॅल्युमिनियमची नळी सोडल्यावर साधारण तिप्पट मागे येते, कारण तोच तो एक तृतीयांश गुणांक. आणि किती मागे येणार, हे मालाच्या प्रत्येक लॉटगणिक बदलते.

या परत उघडण्यावर रामबाण उपाय म्हणून हायड्रोफॉर्मिंगकडे पाहिले जाते. वाकवलेली नळी दोन भागांच्या डायमध्ये ठेवायची, प्रेस बंद करायचा, दोन्ही टोकांना शंकूच्या तोंडाचे प्लंजर घुसवून ती सील करायची, आतली हवा काढून पाणी भरायचे (पाणी म्हणजे गंज धरू न देणारे, साबणासारखे दिसणारे मिश्रण), आणि दाब चढवत न्यायचा. नळी आतून फुगत डायच्या भिंतीला जाऊन टेकते. त्याच वेळी दोन्ही प्लंजर टोकांकडून धातू आत ढकलत राहतात, म्हणजे फुगणाऱ्या जागी भिंत फार पातळ होत नाही. शेवटी दाब आणखी चढवून काही क्षण धरतात. या वेळी सगळी भिंत थोडी थोडी ताणली जाते आणि त्यामुळे डाय उघडल्यावर तुकडा जवळपास डायच्याच मापाचा राहतो. पोलादाच्या बाबतीत ही पद्धत गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात मोटारींमध्ये चांगलीच रुळली. अ‍ॅल्युमिनियमच्या बाबतीत २००६ च्या शेव्हरोले कॉर्व्हेट झी-०६ या मोटारीचे दोन्ही बाजूंचे लांबलचक रेल असे फुगवून केलेले होते, आणि तिच्याच साध्या भावंडात हेच रेल पोलादाचे होते. आपल्याकडे कोणाला हे प्रत्यक्ष हात लावून पाहायचे असेल, तर मोटार शोधायची गरज नाही. सायकलच्या दुकानात गिअरची, अ‍ॅल्युमिनियम फ्रेमची सायकल उभी असेल. तिची खालची तिरकी नळी पुढे उभट, मध्ये चपटी आणि मागे पेडलपाशी रुंद झालेली असेल, तर ती बहुधा पाण्याच्या दाबाने फुगवलेली आहे.

दाबाचे आकडे मोठे असतात आणि ते कुठून येतात हे समजून घेण्यासारखे आहे. नळीची भिंत डायच्या कोपऱ्यात दाबून बसवायची तर लागणारा दाब ढोबळमानाने धातूच्या ताकदीला भिंतीच्या जाडीने गुणून आणि कोपऱ्याच्या त्रिज्येने भागून येतो. धातूची ताकद २५० मेगापास्कल, भिंत ३ मिलिमीटर, कोपऱ्याची त्रिज्या ९ मिलिमीटर. दाब आला सुमारे ८३० बार (दहा बार म्हणजे एक मेगापास्कल). डिझाइनच्या टेबलावरून कोणी सहज म्हणतो, कोपरा जरा धारदार हवा, साडेचार मिलिमीटर करा. दाब दुप्पट झाला. आता हा दाब डाय उघडू पाहतो. एक मीटर लांब आणि ८० मिलिमीटर रुंद अशा तुकड्यात १००० बार दाब असेल, तर दोन अर्ध्या डाय एकमेकींपासून दूर ढकलणारा जोर सुमारे ८०० टन होतो, म्हणजे केवळ डाय मिटलेली ठेवण्यासाठी हजार टनांचा प्रेस गुंतवावा लागतो. तो साडेचार मिलिमीटरचा कोपरा गाडीच्या मालकाला आयुष्यात कधी दिसणार नसतो. मला या पद्धतीविषयी जी कुरकूर आहे ती तिच्या तत्त्वाविषयी नाही. ती नको तिथे, केवळ प्रेस घेऊन ठेवला आहे म्हणून वापरली जाते, याविषयी आहे.

पाण्याच्या दाबाखाली नळी फुटते तेव्हा बाहेरच्या माणसाला वाटते तसा स्फोट होत नाही. पाणी जवळजवळ दबतच नसल्यामुळे त्याच्यात फारशी ऊर्जा साठलेली नसते, जाड डायच्या आत एक बसका ठोका ऐकू येतो, दाबाचा काटा शून्यावर येतो आणि ऑपरेटर शांतपणे म्हणतो, “साहेब, गेली.” डाय उघडल्यावर पाणी निथळू द्यायचे आणि चीर कुठे आहे ते पाहायचे. चीर एखाद्या सांध्याच्या रेषेवर सरळ गेली असेल तर तक्रार एक्स्ट्रुजनवाल्याकडे जाते. ती वळणाच्या बाहेरच्या, पातळ झालेल्या बाजूला असेल तर बेंडिंगकडे. आणि ती सपाट भागात मध्येच, माशाच्या तोंडासारखी उघडलेली असेल, तर मालाची ताणण्याची कुवतच संपली होती असे समजायचे. त्याची कारणे शोधायला वेळ लागतो.

अशा शोधाचा एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. एका कारखान्यासाठी आम्ही डाय केली होती, ट्रायल उत्तम झाल्या होत्या, आणि दोन-अडीच महिन्यांनी तोच माल, त्याच प्रेसवर, त्याच दाबाला फुटू लागला. डायला दोष देऊन झाला, तेल बदलून झाले, प्लंजरचे सील बदलून झाले. कारण निघाले स्टोअरमध्ये. खरेदी विभागाने दर चांगला मिळाला म्हणून एकदम मोठी खेप घेतली होती आणि ती एप्रिल-मेभर पत्र्याच्या छपराखाली पडून होती. ६००० मालिकेतले, म्हणजे मॅग्नेशियम आणि सिलिकॉन असलेले हे मिश्रधातू साधारण ५३० अंशांवर तापवून झटकन थंड केले, की सुरुवातीला मऊ असतात. पण त्यानंतर ते नुसते ठेवून दिले तरी हळूहळू कठीण होत जातात. धातूत विरघळून अडकलेले मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अणू साध्या तापमानालाही एकत्र येऊन सूक्ष्म पुंजके बांधत राहतात, आणि उष्णता जास्त तर हे काम लवकर होते. नळीवर ना गंज, ना डाग, माप जिथल्या तिथे. तरीही ती दोन महिन्यांपूर्वीची नळी राहिलेली नसते. पुढे त्या कारखान्यात प्रत्येक गठ्ठ्यावर तारीख लिहिली जाऊ लागली आणि आधी आलेला गठ्ठा आधी वापरला जाऊ लागला. गंमत म्हणजे हाच गुण शेवटी कामालाही येतो. फुगवून झालेला तुकडा १८० अंशांच्या आसपास काही तास ठेवला, की तेच अणू व्यवस्थित मांडणी करतात आणि तुकडा त्याच्या पूर्ण ताकदीला येतो. मोटारीच्या बॉडीच्या रंगकामातील भट्टीही जवळपास याच तापमानाची असते, म्हणून कित्येक ठिकाणी या कामाचा काही भाग रंगाबरोबर आपोआप उरकतो.

थंड अ‍ॅल्युमिनियम फार फुगत नाही, ही मर्यादा मात्र पाण्याने सुटत नाही. नळीचा परीघ दहा-बारा टक्क्यांच्या पुढे न्यायचा असला की पावले जपून टाकावी लागतात. यावरचा मार्ग म्हणजे धातू तापवणे, आणि पाणी तापवून चालत नाही म्हणून तिथे वायू येतो. सुमारे ५०० अंशांवर त्याच मिश्रधातूची ताकद दहाव्या हिश्श्याच्या आसपास उतरते आणि तो संथ गतीने ताणला तर थंडपणी ताणला जाईल त्याच्या कितीतरी पट ताणला जातो. वरचेच गणित इथे लावून पाहा: २५ मेगापास्कल, ३ मिलिमीटर, ९ मिलिमीटर, ८३० बारच्या जागी सुमारे ८० बार नायट्रोजन पुरतो आणि प्रेसही त्या मानाने लहान चालतो. फुगवून झाल्या झाल्या डाय थंड ठेवून त्याच जागी धातू झटकन थंड करण्याचीही सोय करता येते. हे ऐकायला इतके चांगले वाटते, की मग सगळे तेच का करत नाहीत, असा प्रश्न पडावा. पहिले कारण म्हणजे वायू दबतो. पाण्याने फुटलेली नळी ठोका देऊन गप्प बसते. वायूने फुटलेली नळी साठलेली सगळी ऊर्जा एका क्षणात सोडते, म्हणून जाड कवच, कुलपे, दूर उभे राहणे हे सगळे आलेच. दुसरे कारण म्हणजे वेळ. संथ ताणायचे तर एका तुकड्याला काही सेकंदांऐवजी मिनिटे लागू शकतात, आणि मोटारींच्या धंद्यात मिनिट ही फार महाग वस्तू आहे. शिवाय तापमान जरा जास्त झाले की धातूचे कण मोठे होतात आणि फुगवलेल्या पृष्ठभागावर संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा येतो. विमाने आणि थोड्या संख्येने निघणाऱ्या गाड्यांना हे परवडते. चाकणच्या एखाद्या लाइनवर, जिथे दर मिनिटाला तुकडा हवा असतो, तिथे मला ते अजून परवडताना दिसत नाही.

आकार मिळाल्यानंतरच्या कामांबद्दल पुस्तकांत फारसे लिहिलेले नसते, आणि कारखान्यात मात्र निम्मी भांडणे तिथेच होतात. पोकळ तुकड्याची टोके कापताना पडलेला किस आत राहतो आणि पुढे गाडी वळताना खुळखुळतो. वेल्डिंगआधी आतले तेल धुऊन काढावे लागते, नाहीतर वेल्डमध्ये बारीक छिद्रे पडतात. संपूर्ण बॉडी रंगाच्या टाकीत बुडवतात तेव्हा प्रत्येक पोकळीत रंग शिरायला आणि निथळायला भोके हवीत. ती नसतील तर आत हवेचा फुगा राहून तिथे रंगच चढत नाही, आणि भोक चुकीच्या जागी असेल तर टाकीतले पाणी भट्टीत उकळून रंगावर ओघळ काढते. प्रत्येक भोक पोकळीला थोडे कमकुवत करते, म्हणून ते कुठे पाडायचे यावर रंगवाला, वेल्डिंगवाला आणि ताकदीचा हिशेब करणारा हे तिघे एकमेकांशी हुज्जत घालतात, आणि तिघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

हलकेपणाची किंमत विजेच्या मीटरवरही पडते, ती सांगितल्याशिवाय हा विषय प्रामाणिकपणे मांडला असे होणार नाही. खनिजापासून एक किलो अ‍ॅल्युमिनियम गाळायला साधारण १४ युनिट वीज लागते आणि आपल्या देशात ती मुख्यतः कोळशाची असते. भंगार वितळवून तोच धातू परत मिळवायला त्याच्या पाच टक्क्यांच्या आसपास ऊर्जा पुरते. पण भंगाराबरोबर लोखंडाचे अंश येतात, ते धातूत कडक, ठिसूळ कण तयार करतात, आणि नळी फुगवताना चीर नेमकी अशा कणांपाशी सुरू होते. भंगारापासूनचा माल भिंतीच्या पट्टीला चालतो आणि फुगवायच्या नळीला चालत नाही, असे आज बऱ्याचदा घडते. या क्षेत्रात करण्यासारखे खरे काम मला नव्या प्रेसपेक्षा इथे जास्त दिसते.

गेल्या काही वर्षांत मोठाल्या ओतीव भागांनी सगळ्यांचे डोळे दिपवले आहेत. गाडीचा अख्खा मागचा तळ एकाच ओतकामात काढतात आणि नळ्या, प्रोफाइले, त्यांचे सांधे हे सगळे जुने झाले असे म्हणतात. जास्त दाबाने ओतलेल्या भागात बंद पोकळी करणे मात्र अवघड असते, कारण पोकळीसाठी ठेवलेला वाळूचा किंवा मिठाचा गाभा त्या दाबात टिकवणे कठीण जाते. म्हणून ते भाग एका बाजूने उघडे आणि आडव्या-उभ्या फासळ्यांचे असतात. जिथे बंद पोकळीच हवी, तिथे एक्स्ट्रुजनला अजून तोड नाही. विजेच्या गाड्यांच्या बॅटरीच्या पेटीची चौकट बहुधा बहुकप्पी प्रोफाइलांची असते. हिंडाल्कोने चाकणला महिंद्राच्या गाड्यांसाठी अशा अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या बनवायला सुरुवात केली आहे. आणि बंपरच्या मागे असणारा क्रॅश बॉक्स, म्हणजे टक्कर झाल्यावर सर्वांत आधी चिरडला जाणारा पोकळ तुकडा, तोही प्रोफाइलचाच असतो.

त्याची चाचणी उभ्या प्रेसवर होते. तुकडा उभा ठेवून वरून सावकाश दाबत आणले, की आधी काहीच घडत नाही, मग एका जागी भिंतीची घडी बाहेर पडते, शेजारची भिंत आत जाते, आणि घडीवर घडी बसत तुकडा आपल्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत खाली येतो. चांगल्या तुकड्याच्या घड्या नीट उलगडून पाहिल्या तरी कुठे चीर सापडत नाही. वाईट तुकडा दुसऱ्या किंवा तिसऱ्या घडीलाच कोपऱ्यावर उभा फाटतो आणि त्याच्या भिंती पाकळ्यांसारख्या बाहेर पडतात; फाटलेली भिंत फारशी ऊर्जा शोषत नाही, आणि ती न शोषलेली ऊर्जा मागे, माणसांकडे जाते. घडी पडताना सर्वांत जास्त ताण येतो तो कोपऱ्यांवर. म्हणून प्रोफाइलचे ते चार अदृश्य सांधे कोपऱ्यावर येऊ नयेत, सपाट भिंतीच्या मध्यावर यावेत, असा गाडीवाल्यांचा आग्रह असतो. आणि डाय बनवणाऱ्याला बऱ्याचदा गाभ्याच्या तंगड्या नेमक्या कोपऱ्यांकडेच ठेवायच्या असतात, कारण तशी डाय जास्त टिकते आणि धातूही सगळ्या भिंतींना सारखा मिळतो. दोन्ही बाजूंनी संगणकावरची चित्रे दाखवली जातात, डायचे आयुष्य आणि तुकड्याचा दर यांवर घासाघीस होते, आणि शेवटी दोन्ही तऱ्हेच्या डाय करून, त्यांचे नमुने प्रेसखाली चिरडून, घड्या मोजून निकाल लावावा लागतो.